वरवंटा फिरला

"हां, आता डावीकडून एकेकीनं नाव घ्यायचं," मी म्हणाले. माझ्या तोंडून काय गेलं हे मला कळायला दीड तास लागला.

मोरबावीच्या समाजमंदिरात सतरा बायका गोल करून बसल्या होत्या. मधे सतरंजीवर पणती, पणतीभोवती झेंडूची चार फुलं आणि माझ्या हातात एक गुळगुळीत लाकडी चिमणी. चिमणी सहस्रबुद्धे मॅडमनी पुण्याहून निघताना माझ्याकडे सोपवली होती. मॅडम आमच्या संस्थेच्या प्रमुख. त्या कुठूनसं 'वर्तुळ' शिकून आल्या होत्या. म्हणजे बायकांनी गोल बसायचं, पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. जिच्या हातात वस्तू असेल तिनं बोलायचं, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. मधे बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, 'च्च च्च' करून हळहळायचंसुद्धा नाही. "आपण एकमेकींसाठी अवकाश धरून ठेवतो, वैजयंती," असं मॅडम डोळे मिटून म्हणायच्या. मी तेवीस वर्षांची, समाजकार्याची पदवी कोरी करकरीत. अवकाश कसा धरायचा हे मला नीटसं कळलं नव्हतं, पण मला तो धरता येईल याबद्दल मात्र काडीचीही शंका नव्हती.

पहिली चिमणी गेली चांगुणाआत्यांकडे. चांगुणाआत्या म्हणजे सरपंचांच्या आई. सरपंचांच्या आई म्हणून त्या सगळ्या गावाच्या आत्या. त्यांनी पदर सारखा केला, खाकरल्या, आणि खड्या आवाजात म्हणाल्या,

"पिंपळाच्या पारावर बसल्यात म्हातारी,
यशवंतरावांचं नाव घेते, गप बसा सारी!"

"वाऽऽ!" सगळ्या बायका ओरडल्या. मला वाटलं, आत्या हौशी दिसतात. चिमणी पुढे लंकाकडे गेली. लंका तिशीतली, जिभेला हाड नसलेली. तिनं चिमणी छातीशी धरली आणि मान वेळावून सुरू केलं,

"परसात चढला भोपळ्याचा वेल,
भास्करराव घोरत्यात जशी डिझेलची रेल!"

हसून हसून दोघी-तिघी आडव्या झाल्या. मग काय विचारता! एकीचा झाला की दुसरीला चेव. कुणी दोन-दोन घेतले. एका म्हातारीनं असा काही उखाणा घेतला की तो मला आजही कागदावर लिहायचं धाडस होत नाही. मी आपली खुळ्यासारखी टाळ्या वाजवतेय. माझं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे 'नाव घ्या' आणि 'नाव सांगा' यातला फरक माझ्या कानाला खटकलाच नाही. उलट मी मनातल्या मनात मॅडमना सांगत होते, बघा, पहिल्याच वर्तुळात बायका कशा मोकळ्या झाल्या!

चिमणी चौदाव्या बाईकडे पोचली. दाराजवळ बसलेली, पंचेचाळिशीची, मनगटं रुंद, कपाळ मोकळं. तिनं चिमणी घेतली आणि ती नुसतीच तिच्याकडे बघत राहिली. शेजारच्या दोघींनी माना खाली घातल्या.

"घ्या की मावशी नाव. लाजताय काय एवढ्या?" मी म्हणाले.

तिनं चिमणी हळूच सतरंजीवर ठेवली. "भाकरी टाकायच्या ऱ्हायल्यात," म्हणाली आणि उठून गेली.

आणि मी, अक्कल गहाण ठेवलेली, तिच्या पाठीवर ओरडले, "पुढच्या वेळी पाठ करून या हं!"

वर्तुळ संपलं. लंका माझ्यासोबत नळापर्यंत आली. नेहमी वटवट करणारी बाई गप्प का, म्हणून मी विचारलं.

"बाई, रागावणार न्हाय न्हवं?" लंका म्हणाली. "तुमी 'नाव सांगा' म्हनायचं. तुमी म्हनलासा 'नाव घ्या'. आमी घेतली. पर तिचा मालक जाऊन बारा वर्सं झाली. तिनं कुनाचं घ्यायचं?"

मी तिथंच नळाच्या कठड्यावर बसले. लाजेनं माझे कान तापले. 'पाठ करून या' हे माझंच वाक्य मला परत परत ऐकू यायला लागलं.

"आन ती आजच्याला मुद्दाम आली हुती," लंका पुढे म्हणाली. "एरवी कुठं येत न्हाय. शाळंतलं खिचडीचं काम मागायचं हुतं तिला."

खिचडीचं प्रकरण मला ठाऊक होतं. शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी बाई लेकीकडे राहायला गेली होती. तुपे गुरुजींनी महिला मंडळाला सांगितलं होतं, तुम्ही सगळ्याजणी मिळून एक नाव ठरवा, पंधरवड्यानं बुधवारी पाच वाजता मी नाव लिहून न्यायला येतो.

"मग मागायचं की तिनं!"

"कुनापुढं? आत्याबाईंनी कवाच ठरवलंय. त्यांची धाकली सून, पल्लवी. आत्याबाई बोलल्या की गाव बोललं."

"काय नाव त्या मावशींचं?" मी वही काढली. हजेरीत तेवढी एक ओळ मोकळी होती.

"बाळूची आई."

"बाळूच्या आईचं नाव गं."

लंकानं विचार केला. चांगला दोन हंडे भरेपर्यंत केला. मग म्हणाली, "खालच्या आळीची म्हनत्यात तिला."

मी हजेरीत चौदाव्या ओळीवर 'खालच्या आळीची (बाळूची आई)' असं लिहिलं. विद्यापीठात मला हे शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला तिच्या घरी गेले. ती परसात पाट्यावर मसाला वाटत होती. भारनियमनाचे दिवस ते. मिक्सर घरोघर होते, पण वीज कधी येईल ते सांगता यायचं नाही, आणि लग्नाचा मसाला तर पाट्यावरचाच लागायचा. मी लग्न-मुंजीत पुष्कळ पाटे पाहिलेत, पण असा वरवंटा कधी पाहिला नव्हता. चांगला माझ्या मांडीएवढा, काळाभोर. ती तो एका लयीत पुढे-मागे नेत होती. तिला दम लागलेला नव्हता. खोबरं, धने, लाल मिरची यांच्या वासानं मला मात्र सटासट शिंका आल्या.

"मावशी, काल माझं चुकलं. मला कळलं नाही. खरंच चुकलं."

"ऱ्हाऊ द्या. पोरसवदा हायसा."

"नाव काय तुमचं?"

वरवंटा थांबला नाही. "नाव काय करायचंय? कुनी हाक मारली की ओ देते."

"खिचडीचं काम तुम्हाला हवंय ना? मग वर्तुळात येऊन बोला. तिथं प्रत्येकीला बोलायला मिळतं. तो नियमच आहे."

आता ती थांबली. हात पुसले. "बाई, हा मसाला कुनाचा हाय, ठावं हाय? आत्याबाईंच्या पुतण्याच्या लग्नाचा. समदं गाव जेवंल. मी हितं परसात वाटून द्यायचा, हळदीच्या दिशी कुनीतरी डबा घिऊन जायचं." आणि पुन्हा वरवंटा धरला.  

पुढच्या आठवड्यात दुसरं वर्तुळ भरलं. बाळूची आई आली नाही. या खेपेला मी घोकून घोकून 'नाव सांगा' म्हणाले. पण नाव सांगण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही. चिमणी पहिल्यांदा आत्यांच्या हातात गेली ती तिथंच राहिली.

आत्यांनी चिमणी मांडीवर ठेवली, तिच्यावर पदर घातला आणि गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सुरुवात केली. तिथून थोरल्या लेकाच्या निवडणुकीत, निवडणुकीतून पुतण्याच्या लग्नात. पंचवीस मिनिटं झाल्यावर मी नुसतं "आत्या..." म्हणाले.

"चिमनी कुनाकडं हाय?"

"तुमच्याकडं."

"मंग?"

 नियम माझाच होता. आत्यांइतका तो दुसऱ्या कुणाला पाठ नव्हता. कुणी जरा हललं की त्या पदराखालून चिमणी काढून दाखवायच्या आणि परत आत ठेवायच्या. पन्नासाव्या मिनिटाला त्यांनी खिचडीचा विषय काढला. "आमच्या पल्लवीचं नाव द्यायचं. घरातच बसून असती. शिकंल. काय गं पल्लवे?"

पल्लवी आत्यांच्या उजव्या हाताला बसली होती. बावीस वर्षांची, काडीसारखी. तिनं मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते देवालाच ठाऊक. तिचा चेहरा मात्र दाढ उपटायला नेल्यासारखा होता.

मी संध्याकाळी फाट्यावर गेले आणि नाणी टाकून पुण्याला मॅडमना फोन लावला. म्हटलं, एकच बाई बोलते, चिमणी सोडतच नाही. मॅडम म्हणाल्या, "वैजयंती, वस्तूला वजन हवं. चिमणीला त्या बायकांच्या आयुष्यात वजन नाही. त्यांच्या जगण्यातलं काहीतरी घे. आणि हे बघ, तिसऱ्या वर्तुळातही नाही जमलं तर आपण ते गाव सोडू." नाणी संपली.

मी निरोप लंकाला जसाच्या तसा सांगितला. "मॅडम म्हणतात, वस्तूला वजन हवं."

"वजन?" लंकाचे डोळे लकाकले. "किती किलो?"

"अगं, तसं वजन नव्हे..."

"आवं, बराबर बोलल्या त्या! शिकल्याली बाई हाय! वजनदार कायतरी पायजे. मांडीवर न्हाय ठिवायचं, दोनी हातात उचलून धरायचं. जवर धरवंल तवर बोलायचं. हात खाली आला की बोलनं बंद. वरवंटा घ्या!"

 मॅडमना अर्थाचं वजन म्हणायचं होतं हे तिला समजावून सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

वरवंटा शोधायला निघालो तर अर्ध्या घरांत सापडेना. मिक्सर आल्यापासून कुणी तो दाराला टेकू लावायला घेतला होता, कुणी कोंबड्यांच्या खुराड्यावर दडपण म्हणून ठेवला होता. एका घरी तर त्याला शेंदूर लावून पूजा चाललेली. धड वरवंटा गावात एकच होता. आम्ही खालच्या आळीत गेलो.

"एका दिवसापुरता द्या मावशी," मी म्हणाले.

"माझा वरवंटा मी कुनाच्या हातात देत न्हाय. टाका गेला, दगड गुळगुळीत झाला, की मसाला बिघडतो." तिनं वरवंट्यावरून फडकं फिरवलं. "कवा पायजे?"

"बुधवारी. चारला."

"मी घिऊन येते."

लंकानं मला कोपर मारलं. मी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं, नाहीतर तिथंच हसले असते.

बुधवारी मी नियम सांगितला तेव्हा मला आत्यांची धास्ती होती. पण आत्या चक्क खूश. "असं म्हना की! चिमन्या-बिमन्या काय लावलंय! आमी काय वरवंटा उचलल्याला न्हाय व्हय? उभा जन्म वाटन वाटलंय ह्या हातांनी!" आत्यांकडे मिक्सर येऊन वीस वर्षं झाली होती, आणि हे आत्या सोडून सगळ्यांच्या लक्षात होतं.

बाळूची आई वरवंटा कडेवर घेऊन आली. ओल्या फडक्यानं पुसला, आत्यांच्या ओंजळीत दिला आणि जाऊन दाराजवळच्या आपल्या जागेवर बसली.

"आगं बया, बारसं हाय का काय?" लंका म्हणाली. "कुंची घाला की गोप्याला!" बारशाला वरवंट्याला बाळासारखी कुंची घालून पाळण्याच्या खालून-वरून बायका एकमेकींच्या हातात देतात, ते सगळ्यांनाच आठवलं आणि हशा पिकला.

आत्यांनी वरवंटा छातीपर्यंत उचलला. "तर म्या काय म्हनत हुते... माझ्या गुडघ्याचं आप्रेशन..." त्यांनी श्वास घेतला. "आप्रेशन झालं. चांगलं झालं." हात थरथरायला लागले. "खिचडीचं म्हनशीला तर पल्लवी... पल्लवीचं... आगं घे गं बया, घे घे घे!" आणि वरवंटा लंकाच्या हातात. मी घड्याळ बघितलं. एक मिनिट दहा सेकंद.

पुढे काय गंमत झाली म्हणून सांगू! बायका जन्मात बोलल्या नव्हत्या इतक्या मुद्द्याचं बोलल्या. वजन हातात असल्यावर फाटे फोडायला वेळच मिळेना. लंका म्हणाली, "नळ दुपारी सोडा, सकाळी आमी रानात असतो!" पुढची म्हणाली, "पोरीच्या लग्नाची मला घाई न्हाय, तिच्या बापाला हाय!" त्यापुढची म्हणाली, "माझं पाठीचं दुखनं कुनी खरं धरत न्हाय, आता धरा!" आणि खरोखरच पाठ धरून वरवंटा पुढे दिला. उखाणेवाल्या म्हातारीनं तर तो नुसताच उचलून दाखवला, "आजून हाय जीव!" म्हणाली आणि दिला पुढे. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

वरवंटा चौदाव्या बाईपाशी आला. मी तोंड गच्च मिटून घेतलं. या वेळी एक अक्षर बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं.

तिनं तो एका हातात घेतला. दोन्ही नव्हे, एका. कोपर टेकलेलं नव्हतं, मनगट ताठ. आम्ही सगळ्या त्या मनगटाकडे बघायला लागलो.

"मला बोलायची सवय न्हाय," ती म्हणाली. "पर हे धरायची हाय. तवा धरते न बोलते."

आणि बोलली. मी नंतर घड्याळ बघितलं, अकरा मिनिटं बोलली.

"ह्या गावात सतरा वर्सांत लगीन झालं न माझ्या हातचा मसाला न्हाय, असं झाल्यालं न्हाय. आत्यांच्या नातवाचं जावळ, तिच्या लेकीचं डोहाळजेवन, हिच्या सासऱ्याचं तेरावं. मसाला माझा. मालक हुता तवर मी मांडवात यायची. मालक गेला, न त्याच मसाल्याचा डबा न्यायला मानूस यायला लागलं. परसातनं न्यायचा, परसातनंच ताट आनून द्यायचं. मसाला समद्यांच्या घरात गेला. मी कुनाच्याच घरात गेले न्हाय." वरवंटा जरासुद्धा हलला नाही. "मला रडायचं न्हाय. मला शाळंत खिचडी करायचीय. पोरं काय इचारत न्हाईत कुनाचं कपाळ कसलं हाय. पोरांना भूक असती. मी समोर उभी ऱ्हाऊन वाढनार, त्यांनी समोर बसून खायाचं. हळद, मीठ, डाळ, समदं कवा घालायचं मला कळतं. ते पातेलं उतरवाया मला दुसरं कुनी लागनार न्हाय."

पातेलं उतरवण्याबद्दल कुणालाच शंका राहिली नव्हती. ती बाई अजून एका हातानं तो धोंडा धरून बसली होती.

"आन त्या दिशी बाई मला म्हनल्या नाव घ्या," ती माझ्याकडे वळली.  "पाठ करून या म्हनल्या. केलंय."

मग तिनं वरवंटा दुसऱ्या हातात घेतला, पदर डोक्यावरून नीट केला आणि म्हणाली,

"मिरची वाटली, धनं वाटलं, खोबरं वाटलं शेरभर,
सुगंधा नाव माझं, सांगा आता गावभर!"

कुणी 'वा' म्हणालं नाही. लंकानं तोंडात पदर कोंबला होता. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मी त्या मिरचीच्या वासावर ढकलल्या, जरी तिथं मिरची कुठंच नव्हती.

"आगं बया," ती उखाणेवाली म्हातारी हळूच म्हणाली, "नाव बी मसाल्याचंच की!"

नियम मोडून सगळ्या एकदम हसल्या. सुगंधासुद्धा हसली. मग तिनं वरवंटा पुढे दिला. पुढच्या दोघींनी तो नुसता धरला आणि काही न बोलता सरकवला, आणि तो पोचला पल्लवीकडे. पल्लवीनं तो उचलला की वरवंट्यानं पल्लवीला खाली ओढलं, ते सांगता येणार नाही. ती अर्धी वाकली, डोळे गच्च मिटले आणि जोरात ओरडली,

"मला न्हाय करायची खिचडी!"

आणि धप्पकन वरवंटा सतरंजीवर. पणती विझली. आजवर मी शेकडो वर्तुळं घेतली, पण इतकं छोटं आणि इतकं स्पष्ट भाषण मी परत ऐकलं नाही.

"आगं पर मला कवा सांगितलं न्हाईस!" आत्या थक्क होऊन म्हणाल्या.

"सांगायला कुठं दिलंसा, आत्ती!" पल्लवी रडत रडत हसत होती. "मला दोन मानसांची डाळ जमत न्हाय. दीडशे पोरांची कशी करू?"

आता सगळ्यांची नजर आत्यांवर. फेरी पूर्ण झाली होती, वरवंटा पुन्हा त्यांच्यापाशी आला होता. पाच वाजायला दहा मिनिटं होती. दारातून तुपे गुरुजी छत्री टेकत येताना दिसत होते. आत्या नाही म्हणाल्या असत्या तर अजूनही सगळ्यांनी माना खाली घातल्या असत्या, हे मला ठाऊक होतं, आणि सुगंधालाही.

आत्यांनी सतरंजीवरचा वरवंटा उचलला. जेमतेम वीतभर उचलला गेला. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा हात खाली आले. नियम म्हणजे नियम, हात खाली आला की बोलणं बंद. सरपंचांची आई पहिल्यांदाच गावात बोलू शकत नव्हती. कुणी मदतीला उठेना. खरं सांगते, मलाही जरा बरंच वाटत होतं.

सुगंधा उठली. दारापासून चालत आली, आत्यांसमोर मांडी घालून बसली आणि वरवंट्याच्या खाली दोन्ही तळवे लावले.

"म्या धरते, आत्या," ती म्हणाली. "तुमी बोला."

आत्या तिच्याकडे बघत राहिल्या. दारात गुरुजीसुद्धा चप्पल काढायची थांबले.

"सुगंधा व्हय तुझं नाव?" आत्या म्हणाल्या.

"व्हय."

"सतरा वर्सं मसाला खाल्ला, न नाव इचारलं न्हाय. मी तरी मेली कशाला इचारीन... आता रईवारी पुतन्याची हळद हाय. डबा न्यायला मानूस येनार न्हाय. तू घिऊन यायचा. म्होरल्या दारानं. न पैली मांडवात बसायचं, कळलं का? कुनी कायी म्हनलं तर मला सांग." मग त्या नाक पुसून दाराकडे वळल्या. "ओ गुरुजी! बघत काय ऱ्हायलाय? बारसं झालं हितं. लिवा नाव!"

गुरुजींनी खिशातून पेन काढलं. "लिहितो की. कै. दगडू खरात यांच्या पत्नी, असंच ना?"

"सुगंधा!" सोळा बायका एकदम ओरडल्या. गुरुजींच्या हातातून छत्री पडली.

मी पळतच फाट्यावर गेले. हातात एकच नाणं होतं. मॅडमनी फोन उचलला तशी मी धापा टाकत म्हणाले, "मॅडम, वर्तुळात वरवंटा फिरला!"

पलीकडे मोठा सुस्कारा. "अरेरे. सगळंच गेलं म्हणजे. तू मनाला लावून घेऊ नकोस, वैजयंती. पहिलं गाव असंच असतं..." आणि फोन कट झाला. दुसऱ्या दिवशी मोरबावीचं काम थांबवल्याचं पत्र निघालं. ते रद्द करून घ्यायला मला पुण्याला जावं लागलं, आणि मॅडमना 'फिरला' म्हणजे नक्की कसा फिरला ते करून दाखवावं लागलं. त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट घेऊन.

सोमवारी मी परतले ती थेट शाळेत गेले. व्हरांड्यात पोरांच्या रांगा बसल्या होत्या. सुगंधा पदर खोचून, पळी हातात घेऊन उभी. रविवारच्या हळदीचा एक पिवळा ठिपका तिच्या गालावर राहिला होता. तिनं तो पुसला नव्हता. कोपऱ्यात खुर्ची टाकून चांगुणाआत्या बसल्या होत्या, मांडीवर स्वतःची थाळी. "चव बघाया आलीया," त्या मला म्हणाल्या. ही त्यांची दुसरी थाळी असल्याचं पल्लवीनं मला खुणेनं सांगितलं.

मी वही उघडली. चौदाव्या ओळीवर 'खालच्या आळीची' खोडलं आणि वर नाव लिहिलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एका एवढ्याशा पोरीनं थाळी आपटली. "सुगंधामावशी! अजून वाढा की!"

मग दुसऱ्या रांगेतून, तिसऱ्या रांगेतून, सगळी शाळाच ओरडायला लागली. "सुगंधामावशी! ओ सुगंधामावशी!"

ती पळी घेऊन वळली. "ओऽऽ!" म्हणाली. "आले, आले!"